ज्वारीचे मूळ गाव





यंदाच्या शालेय प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांनी एक सुरेख तक्ता केला होता. मधोमध ज्वारीचे भरघोस कणीस, खाली चूल आणि भाकरी, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'ज्वारी : पाच हजार वर्षांपासून दख्खनचे स्वतःचे धान्य'. चित्र आम्ही ठेवले, मथळा मात्र बदलायला सांगितला. मुलांनी तो हसतमुखाने बदलला. पण घरी जाऊन सांगितल्यावर काही पालक नाराज झाले. एका ज्येष्ठ विश्वस्तांनीही विचारले, "ज्वारीसुद्धा आपली नाही म्हणता, मग आपले उरले तरी काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फाटकाशी उभे राहून दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

आपल्या समाजातील बहुतेक घरे मराठवाड्यातून किंवा त्याही पलीकडून इकडे आलेली. कुणाला तीन पिढ्या झाल्या, कुणाला सहा. तिकडून आलेल्या गोष्टींपैकी जी अजून रोज ताटात दिसते ती म्हणजे भाकरी. लातूर-नांदेडकडून येणाऱ्या नातलगाच्या पिशवीत आजही ज्वारीचे पीठ असते. शेजारच्या तेलुगू घरी तीच 'जोन्न रोट्टे' होते आणि संध्याकाळी आपल्या शहरात जागोजागी गाड्यांवर गरम गरम विकली जाते. तेव्हा ज्वारीविषयी कुणी काही बोलले की मनाला लागते हे आम्ही समजू शकतो.

पण पुरावा काय सांगतो? ज्वारीचे मूळ आफ्रिकेत आहे. पूर्व सुदानमधील एका जुन्या वस्तीच्या मातीच्या भांड्यांच्या खापरांत ज्वारीच्या दाण्यांचे आणि तुसांचे ठसे सापडले. माणसाने लावलेल्या ज्वारीची आजवरची सर्वांत जुनी खूण ती हीच. ती इ.स.पू. ३००० च्याही आधीची आहे आणि तिच्याविषयीचा शोधनिबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. मालीमध्ये तिचे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पुरावे मिळाले आहेत. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. ही तिन्ही धान्ये समुद्रमार्गाने किंवा किनाऱ्याकिनाऱ्याने भारतात आली, ती इ.स.पू. २००० नंतर, आणि एकदम नव्हे, एकेक करून.

मग त्याआधी या दख्खनच्या पठारावर माणसे काय खात होती? आम्हाला खरा रस आहे तो या प्रश्नात, आणि त्याचे उत्तर ज्वारीपेक्षाही अभिमान वाटावा असे आहे.

आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या पुस्तकांत शेतीचा आरंभ म्हटला की मेहरगढचे गहू-जव आणि बेलन नदीकाठच्या कोलडिहवाचा तांदूळ. सगळे उत्तरेचे. नर्मदेच्या खाली जणू लोकांनी शेती शेजाऱ्याकडून मागून आणली. ही समजूत आमच्याही मनात बरीच वर्षे होती, आणि आजही मुलांना विचारले तर हडप्पा, मोहेंजोदडो तोंडपाठ असते. उतनूर विचारा, मुले आदिलाबादचे नाव घेतात. आम्ही म्हणतो ते उतनूर दुसरे, जुन्या महबूबनगर जिल्ह्यातले, मकतलजवळचे. तिथे राखेचा एक मोठा ढिगारा होता. रेमंड ऑल्चिन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी १९५७ साली तो खणला तेव्हा दिसले की ही राख जळलेल्या शेणाची आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी लोक तिथे गुरे कोंडत आणि साठलेले शेण वेळोवेळी पेटवून देत. राखेच्या थरांत गुरांच्या खुरांचे ठसेसुद्धा उमटलेले सापडले. याच ऑल्चिन यांनी १९५२ साली रायचूर जिल्ह्यातील पिकलीहाळ खणले होते, आणि तेव्हा रायचूर, औरंगाबाद, नांदेड आणि हैदराबाद हे सगळे एकाच हैदराबाद राज्यात होते. दोन्ही उत्खननांचे अहवाल १९६० आणि १९६१ साली इथेच, आपल्या शहरात छापले गेले.

असे राखेचे ढिगारे रायचूर, बळ्ळारी या भागांत बरेच आहेत. गुरे पाळणारी माणसे तिथे राहत हे त्यांवरून कळले. पण ती पेरत काय होती, हे राखेवरून कळत नव्हते. त्यासाठी वेगळी पद्धत लागली, आणि ती इतकी साधी आहे की ऐकून मुले हसतात.

धान्य मातीत पडले तर कुजते किंवा उगवते, हजारो वर्षे टिकत नाही. पण चुलीजवळ सांडलेला दाणा जळून कोळसा झाला, तर त्याला कीड लागत नाही, बुरशी लागत नाही, आणि आकार मात्र बराचसा तसाच राहतो. आपल्या घरात भाजताना करपलेला दाणा आपण फेकून देतो. पुरातत्त्वाच्या दृष्टीने तोच लाखमोलाचा. उत्खननात चुलीची, खड्ड्याची, जमिनीच्या थराची माती बादलीत घ्यायची, पाणी ओतायचे, हाताने हळूच ढवळायचे. माती तळाशी बसते आणि कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. वरचे पाणी अगदी बारीक जाळीतून ओतायचे, जाळीत राहिलेला काळा चुरा सावलीत वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण निवडायचा. आपल्या आज्या सुपात धान्य निवडत, तसेच हे काम. फरक इतकाच की इथे दाणा दोन मिलिमीटरचा असतो आणि दिवसभर मान खाली घालून बसावे लागते.

बळ्ळारीजवळचे संगनकल्लू हे गाव पुरातत्त्वाच्या लोकांना फार आधीपासून माहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सुब्बाराव यांनी १९४० च्या दशकातच तिथे उत्खनन केले होते. मात्र तिथली माती पद्धतशीरपणे पाण्यात घालून दाणे शोधण्याचे काम १९९० च्या दशकाच्या अखेरीस झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डोरियन फुलर, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे रवी कोरिसेट्टर आणि त्यांचे सहकारी पी. सी. वेंकटसुब्बय्या यांनी संगनकल्लू, टेक्कलकोटा, हल्लूर, शिवाय कडप्पा भागातील वस्त्या, अशा अनेक ठिकाणची माती तपासली. त्यांचे निष्कर्ष २००१ आणि २००४ साली प्रसिद्ध झाले.

ठिकाणे वेगवेगळी, पण जवळजवळ सगळीकडे तीच चार नावे पुन्हा पुन्हा आली. मूग आणि हुलगे ही दोन कडधान्ये. आणि दोन बारीक तृणधान्ये. त्यांतले एक म्हणजे तेलुगूत ज्याला 'अंडु कोर्रलु' आणि कन्नडमध्ये 'कोरले' म्हणतात ते. दुसरे तर आज धान्य म्हणून कुणी ओळखतही नाही. शेताच्या बांधावर उगवणारे, कणसाच्या केसांनी कपड्याला चिकटणारे एक रानगवत. सहलीला गेलेल्या मुलांच्या पायमोज्यांना ते चिकटून येते आणि घरी आईची बोलणी खावी लागतात.

ही चारही पावसाळी पिके आहेत. मृगाच्या पावसावर पेरावीत आणि दिवाळीच्या आत काढावीत अशी. गहू आणि जव हिवाळ्यातले, ओलावा मागणारे. ते या वस्त्यांत नंतर आले आणि थोडेच आले. याचा अर्थ असा की इथल्या माणसाने शेती करताना उत्तरेची नक्कल केली नाही. आपल्या माळरानावर जे गवत आपोआप उगवत होते, त्यातले खाण्याजोगे निवडले, पेरले, जपले. शास्त्रज्ञ दक्षिण भारताला शेतीचे एक स्वतंत्र उगमस्थान म्हणू लागले ते या काळ्या दाण्यांच्या जोरावर. सांगा, पाच हजार वर्षांच्या ज्वारीची खोटी फुशारकी मोठी की हे?

इथे हल्लूरचीही गोष्ट सांगायला हवी. हावेरी जिल्ह्यातील या वस्तीत बाजरी सापडते, पण नंतरच्या थरांत. म्हणजे आधी घरचे धान्य, मग पाहुणी बाजरी, असा क्रम मातीतच लिहिलेला आहे. पूर्वी दक्षिणेतील आणि गुजरातेतील अनेक जुन्या वस्त्यांत नाचणी सापडल्याच्या नोंदी होत्या. पुढे तपासणी केल्यावर त्यांतल्या बऱ्याच संशयास्पद ठरल्या. जळालेले बारीक दाणे एकमेकांसारखे दिसतात, तूस चिकटलेले असले तर अधिकच. आम्हाला या विद्येचे सर्वांत जास्त कौतुक वाटते ते याच गोष्टीचे. एकदा छापले म्हणून ते कायम, असे तिथे नसते. दाणा पुन्हा भिंगाखाली जातो.

मराठी मुलखातही हेच दिसते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली मोठी नावे. वनस्पतींचे अवशेष तपासण्याचे काम त्याच संस्थेच्या एम. डी. काजळे यांनी केले. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तिथे वस्ती होती. घरे, धान्याची कोठारे, पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट, सगळे मिळाले. आणि तिथल्या शेतकऱ्याचे मुख्य धान्य कोणते? जव. आज जे आपल्या घरात होमापुरते किंवा घटस्थापनेपुरते आणले जाते, ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या मराठी मुलखात रोजचे अन्न होते. तेही मुळात पश्चिम आशियातून आलेले. काळ बदलला, पाऊस बदलला, ताट बदलले.

आता त्या विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाकडे येऊ. आपले उरले तरी काय?

भोगीचे ताट डोळ्यांसमोर आणा. बाजरीची भाकरी पश्चिम आफ्रिकेची. तिच्यावरचे तीळ मात्र इथलेच, भारतातले. राळ्याचा भात, तो राळा मुळात उत्तर चीनचा. तिथे राळा आणि चेना यांची शेती फार जुनी. आतील मंगोलियातील शिंगलोंगगौ या वस्तीत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे चेन्याचे जळालेले दाणे अशाच पाण्यात तरंगवून काढले आहेत. भोगीच्या भाजीतला हरभरा तुर्कस्तानच्या बाजूचा, वांगे आपल्या आशियातले. एका ताटात अर्धे जग बसले आहे, आणि तरी ते ताट भोगीचेच आहे, दुसऱ्या कुणाचे नाही. एकादशीला याच्या उलट होते. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे हे तिन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेले आपण बिनदिक्कत खातो, आणि त्यांच्या शेजारी बसलेली भगर ही एकटीच इथली.

ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही अशी चाल आपल्या घरांत अजून आहे. नांगराआधीच्या काळाची, हाताने गवत झोडून दाणे गोळा करण्याची ही पुसट आठवण असेल का? पुरावा म्हणून नव्हे, केवळ मनात येते म्हणून सांगतो.

ज्वारी आफ्रिकेतून आली म्हणून ती परकी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. साडेतीन हजार वर्षांत इथल्या शेतकऱ्याने तिच्यावर जे केले ते पाहा. आफ्रिकेतून आलेले पावसाळी पीक त्याने काळ्या जमिनीच्या ओलीवर हिवाळ्यात घ्यायला सुरुवात केली. सोलापूरची मालदांडी शाळू त्यातलीच. तिची पांढरीशुभ्र भाकरी सुदानमध्ये मिळणार नाही. आणि आपल्यापैकी प्रत्येकाला या शहरात कधी ना कधी विचारले गेलेच आहे, "तुमचे मूळ गाव कोणते?" आपण गावाचे नाव सांगतो आणि पुढच्या वाक्याला हैदराबादी पुलावाविषयी बोलू लागतो. ज्वारीनेही तेवढे सांगितले तर तिचा मान कमी होत नाही.

आमची खरी काळजी वेगळी आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष झाले. मोठी भाषणे झाली, बिस्किटांच्या पुड्यांवर ज्वारीची चित्रे आली. त्याच बरोबर मोबाइलवर काहीही फिरू लागले. कुठे बाजरी वैदिक काळातली ठरली, कुठे नाचणी सिंधू संस्कृतीची. मुलांनी ते उतरवून घेतले यात त्यांचा दोष नाही. पण शाळेच्या भिंतीवर जे लागते त्याला मुले खरे समजतात. पुराव्यावाचून केलेला अभिमान एकदा भिंतीवर लागला की तो उतरवणे अवघड होते, कारण मग ते मत राहत नाही, अस्मिता होते. दहावीतल्या मुलाला उद्या कुणी विचारले की पाच हजार वर्षे कशावरून, तर त्याला खाली मान घालावी लागू नये, एवढीच आमची इच्छा.

दुसरी काळजी अशी की ज्वारीच्या जयजयकारात जे खरोखर इथले, ते विसरले जात आहे. अंडु कोर्रलु आज अनंतपूर, चित्रदुर्ग, तुमकूर अशा काही कोरड्या भागांतच पिकतात. आपल्या मराठी घरांत तर त्यांना नावही उरलेले नाही. हुलगे म्हणजे गुरांचा खुराक, असे नव्या पिढीला वाटते; हैदराबादेत लग्नाच्या पंगतीत 'उलवचारु' मागून मागून घेणारे पालकच घरी हुलग्याचे माडगे करत नाहीत. नावांचीही गंमत पाहा. हिंदीत 'मोटा अनाज', मराठीत 'भरड धान्य', जणू काही जाडेभरडे आणि कमअस्सल. तेलुगूत 'चिरुधान्यालु', म्हणजे इवली धान्ये. कन्नडमध्ये 'सिरिधान्य', म्हणजे समृद्धीचे धान्य. दोन मिलिमीटरच्या दाण्याला 'मोटा' म्हणणाऱ्याने तो हातात घेतला नसावा.

डब्यात भाकरी आणणाऱ्या मुलाला चिडवणे आमच्या शाळेतही अधूनमधून कानावर येते. ते भाषणाने थांबत नाही. म्हणून पुढच्या सत्रात इतिहास आणि विज्ञान या दोन्ही तासांना मिळून एक प्रयोग ठेवला आहे. मुले वेगवेगळी धान्ये लोखंडी तव्यावर करपवतील, कुंडीतल्या मातीत मिसळतील, महिनाभर राहू देतील आणि मग बादलीत तरंगवून परत काढतील. आच जास्त झाली तर दाणा फुगून बेढब होतो आणि राळा की वरी हे ओळखता येत नाही, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळेल. त्यासाठी चार हातभिंगे, दोन बारीक जाळ्या आणि बाटल्या ठेवायला एक काचेचे कपाट लागेल. विश्वस्त मंडळाने एवढा खर्च मंजूर करावा ही विनंती.

सहलीबाबतही आमचे मत स्पष्ट आहे. दरवर्षी करमणुकीच्या बागेत जाण्यापेक्षा एक वर्ष जहीराबादला जावे. शंभर किलोमीटरचा रस्ता. तिथल्या पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या गावोगावच्या महिला संघांनी जुनी बियाणी जपून ठेवली आहेत. त्यांना २०१९ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यातल्या अनेकींना लिहिता येत नाही, पण कुठल्या जमिनीत काय, कशाबरोबर पेरावे हे त्या बियाणे हातात घेऊन सांगतात. येताना पाटणचेरूला इक्रिसॅट आहे. १९७२ पासूनच्या या संस्थेच्या शीतगृहांत लाखाहून अधिक बियाण्यांचे नमुने आहेत, ज्वारीच्या आफ्रिकेतल्या भावंडांसह. परवानगीसाठी पत्रव्यवहार शाळा करील. पाचवी ते सातवीच्या पालकांपैकी कुणाला मुलांबरोबर यायचे असल्यास वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे.

कपाट येईपर्यंत बाटल्या जमवायला हरकत नाही. गावाकडे कुणाकडे राळे, वरी, सावा, कोद्रा, हुलगे, जुनी ज्वारी अजून पिकत असेल, तर दोन मुठी पाठवावे. बरणीवर धान्याचे घरात म्हणतात ते नाव, गाव, आणि ते कुणाच्या शेतातले एवढे लिहावे. दुकानातल्या पुडीतले नको. आणि ज्यांच्याकडे अंडु कोर्रलूंना मराठीत एखादे जुने नाव ऐकलेले कुणी वडीलधारे असतील, त्यांनी ते लिहून मुलाबरोबर शाळेत जरूर पाठवावे. त्या बाटलीची चिठ्ठी आम्ही तूर्त कोरी ठेवली आहे.